‘सदोष’ मनुष्यवधातला दोष कोणता?

कळव्याच्या एका ताईंनी विचारलंय: "टीव्हीवर पट्टी फिरत होती, ‘मालकावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा’. त्याच दिवशी मिक्सर बिघडला म्हणून वॉरंटी कार्ड काढलं, तर त्यावर ‘सदोष भाग बदलून मिळेल’. मग सदोष मनुष्यवध म्हणजे काय, नीट न जमलेला वध? आणि पैशाच्या हावेपायी माणसं मेली तर सरळ खून का म्हणत नाहीत?"

ताई, पहिला प्रश्न वाचून हसू आलं, पण घोटाळा तुमचा नाही, शब्दाचा आहे. दोष म्हणजे खोट आणि दोष म्हणजे ठपकाही. मिक्सरमध्ये असते ती खोट. ‘मला दोष देऊ नका’ म्हणतो तेव्हा ठपका. दोषी, दोषारोप, निर्दोष सुटका ही सगळी ठपक्याची भावंडं. ‘सदोष’ मात्र बोलण्यात खोटीकडेच राहिला. ज्या मनुष्यवधाचा ठपका मारणाऱ्यावर येतो, तो सदोष. ठपका न येणाराही असतो, उदाहरणार्थ कायद्याच्या मर्यादेत राहून स्वतःचा जीव वाचवताना झालेला.

‘वध’ हा शब्द तर आणखी अडचणीचा. आपल्याकडे वध कंसाचा, कीचकाचा, अफझलखानाचा. मरणारा दुष्ट असला की वध. (गांधीजींच्या बाबतीत कोण ‘हत्या’ म्हणतो आणि कोण ‘वध’, यावरून बोलणाऱ्याची बाजू कळते.) कायद्याच्या मराठीने मात्र संस्कृतातला कोरा अर्थ उचलला: ठार मारणं, बस. म्हणून इमारतीखाली चिरडलेल्या लेकरांसाठीही वधच लिहितात. कानाला खटकतं, मलाही.

आता खून. फारसीत खून म्हणजे रक्त; मराठीत आल्यावर रक्त वाळलं आणि फक्त गुन्हा उरला. कायद्यात खून ठरायला बहुतेक वेळा जीव घेण्याचा हेतू लागतो. हावऱ्या मालकाचा हेतू असतो पैसे वाचवण्याचा, कोण मरतं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. हाव हा शब्द त्या कलमांत नाहीच. तिथे सगळा खेळ ‘जाणीव’ या शब्दावर चालतो. यात माणूस मरू शकतो हे ठाऊक असून केलं, तर सदोष मनुष्यवध. ठाऊक होतं हे सिद्ध झालं नाही, नुसती बेफिकिरी दिसली, तर हयगय. जुन्या दंडसंहितेत अनुक्रमे कलम 304 आणि 304-अ. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत 105 आणि 106. मारण्याचा हेतू नसून नुसती जाणीव असेल तर 10 वर्षांपर्यंत कैद. हयगयीला पूर्वी जास्तीत जास्त 2 वर्षं होती, आता साधारणपणे 5.

हा फरक कागदी नाही. भोपाळच्या वायुकांडात (डिसेंबर 1984) आरोप सदोष मनुष्यवधाचा होता. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने तो हयगयीवर आणला आणि जून 2010 मध्ये दोषी अधिकाऱ्यांना शिक्षा झाली 2 वर्षांची. हजारो मृत्यू, आणि शब्द ‘हयगय’! आपण तो ‘औषधाची हयगय करू नकोस’ असा वापरतो.

आपल्या ठाण्यात 4 एप्रिल 2013 ला शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली, 74 माणसं गेली. मजले भराभर चढवलेले. तिथे गुन्हा सदोष मनुष्यवधाचा लागला, आणि माझ्या मते तोच शब्द योग्य. कच्च्या खांबांवर पुढचा मजला चढवणाऱ्याला काय होऊ शकतं हे कळत नाही, यावर कुठला गवंडी विश्वास ठेवेल? अशांना फाशीच द्या म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांना एवढंच विचारतो की कलम कुठलं लागलंय ते पाहिलंत का. ‘कोणाचीही गय केली जाणार नाही’ हे पुढाऱ्यांचं वाक्य पहिल्या दिवशी येतं. हयगयीचं कलम पुढे कधीतरी, आतल्या पानावर.

तेव्हा पट्टी बरोबर होती. मिक्सरचा भाग मात्र पहिल्या अर्थाने सदोष आहे, वॉरंटी संपायच्या आत बदलून घ्या.