अ‍ॅसिडिटीची गोळी अचानक सोडल्यावर वाढलेली जळजळ

सात महिने घेतलेली पँटोप्राझोल एका दिवसात बंद केली, चौथ्या रात्रीपासून जळजळ पूर्वीपेक्षा वाढली, तेव्हा ही गोळी आता जन्मभर घ्यावी लागणार का, हा आपला प्रश्न वाचला आणि माझीच जुनी अवस्था आठवली. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हे केवळ अनुभवाचे बोल समजावेत.

ही गोळी जठरातील आम्ल सोडणारे पंप बंद करते. औषध काही तासांत रक्तातून निघून जाते, मात्र बंद पडलेल्या पंपांच्या जागी नवे तयार होईपर्यंत परिणाम टिकतो. आम्ल कमी झालेले पाहून शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढवते; गोळी एकाएकी थांबली की हेच वाढलेले गॅस्ट्रिन पूर्वीपेक्षा जास्त आम्ल तयार करवते. मूळचा आजार नसलेल्या, केवळ आठ आठवडे गोळी घेतलेल्या निरोगी माणसांनाही बंद केल्यावर असा त्रास झालेला आहे. मी मात्र त्याला आजार उलटला असे समजलो, रात्री दोन वाजता तीन उशांना टेकून बसलो आणि सकाळी पुन्हा गोळी सुरू केली. असे तीनदा झाले.

याचे मूळ एका रुग्णालयाने दिलेल्या डिस्चार्जच्या कागदात होते. त्यावर ‘रोज सकाळी एक’ एवढेच लिहिले होते आणि अवधीचा रकाना रिकामा होता. दोनदा फोन करूनही ‘लिहिले आहे तसे चालू ठेवा’ हेच उत्तर मिळाले. सर्वसाधारण जळजळीसाठी चार ते आठ आठवड्यांनंतर फेरविचार व्हायला हवा, हे तेथे कोणीही सांगितले नाही, याचा राग मला आजही आहे.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी मात्रा निम्मी केली, काही आठवड्यांनी गोळी एक दिवसाआड दिली आणि मधल्या त्रासासाठी फॅमोटिडीन ही आम्ल कमी करणारी दुसऱ्या प्रकारची गोळी लिहून दिली. तेव्हा कुठे पँटोप्राझोल सुटली. माझ्या मते आपणही हाच मार्ग डॉक्टरांना विचारावा. मात्र अल्सरमधून रक्तस्राव झालेला असेल किंवा वेदनाशामक गोळ्या नेहमी घ्याव्या लागत असतील, तर ही गोळी स्वतःहून कमी करू नये.

पँटोप्राझोल जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी आणि चावू किंवा फोडू नये. थायरॉइडची किंवा लोहाची गोळी चालू असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे, कारण त्यांचे शोषण कमी होऊ शकते. गिळताना घास अडकत असेल, शौचास काळी होत असेल किंवा वजन आपोआप उतरत असेल, तर मात्र मी वर लिहिलेले सगळे बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्यावी.