दोन हात, तीन मुलं

घरीच शिकणाऱ्या लहान मुलांच्या दिनक्रमाबद्दल आलेल्या पत्रांमधून निवडलेले काही प्रश्न. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

मुलं ७, ५ आणि २ वर्षांची आहेत. सकाळी ९ ते १ असं अर्ध्या-अर्ध्या तासाचं वेळापत्रक करून भिंतीवर लावलं. दुसऱ्याच दिवशी ते कोलमडलं. कुठे चुकलं?

तुम्ही वेळापत्रक विषयांचं केलंत. तीन लहान मुलांच्या घरात टंचाई असते ती मोकळ्या मोठ्या माणसाची. म्हणून कागदावर आधी तीन रकाने आखा, प्रत्येक मुलाचा एक. दिवसाच्या प्रत्येक टप्प्याला तुम्ही कोणाशेजारी बसला आहात आणि त्या वेळी बाकीचे दोघं काय करताहेत, ते लिहा. जिथे रकाना रिकामा राहील, तिथेच दिवस बिघडणार हे धरून चाला.

दुसरी अडचण तासिकांची. चार तासांत आठ तासिका म्हणजे सात बदल. वह्या आवरणं, पाणी, शू, हरवलेली पेन्सिल, यात प्रत्येक बदलाला सात-आठ मिनिटं सहज जातात, म्हणजे जवळजवळ एक तास. त्यापेक्षा घड्याळ सोडून नाश्ता, बाहेर जाणं, जेवण आणि धाकट्याची झोप या चार खुणांना दिवस बांधा. नाश्ता पाऊण तास लांबला तरी पुढचा क्रम तोच राहतो, आणि मुलांना क्रम कळतो, साडेनऊ कळत नाहीत.

क्रम असा ठेवून पाहा. नाश्ता होताच सगळे एकत्र १५ मिनिटं: वार-तारीख, एक कविता, गोष्टीचं एखादं पान, धाकटा मांडीवर. लगेच पुढची १० मिनिटं फक्त धाकट्याची. जमिनीवर बसून, फोन दूर ठेवून, तो म्हणेल ते खेळायचं. हे आधी दिलं नाही तर तो सकाळभर हप्त्याहप्त्याने वसूल करतो. त्यानंतर पाच वर्षांच्या मुलाचं वाचन १० मिनिटं. तेवढा वेळ मोठ्याकडे स्वतःचं स्वतः करायचं काम आणि धाकट्याकडे खेळाचा खोका. मग पाच वर्षांच्याचं गणित १० मिनिटं आणि मोठा धाकट्याशी खेळतो, त्याच खोलीत, तुमच्या नजरेसमोर. मोठ्याला ‘सांभाळ’ असं सांगू नका. सात वर्षांच्या मुलावर ती जबाबदारी टाकता येत नाही. ‘याच्याबरोबर मनोरा रच’ एवढंच सांगा.

त्यानंतर सगळे बाहेर, निदान तासभर. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार १ ते ४ वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी, आणि ५ वर्षांपुढच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारा खेळ हवा. शिवाय या तासावर दुपारची झोप अवलंबून असते आणि त्या झोपेवर मोठ्याचा अभ्यास. पावसामुळे बाहेर जाणं चुकलं तर घरातच उड्या, रांगण्याची शर्यत, उशांचा डोंगर असं काहीतरी घ्या.

धाकटा झोपला की मोठ्याचं गणित आणि लेखन, २५ ते ३० मिनिटं. नवीन काही शिकवायचं असेल तर तेव्हाच. मधल्याचा हा शांत वेळ: ठोकळे, चित्रं, ऐकायची गोष्ट. त्याला तो एकदम तासभर जमणार नाही. १० मिनिटांपासून सुरू करून दर दोन-तीन दिवसांनी ५ मिनिटं वाढवा. धाकटाही ३ ते ५ वर्षांच्या दरम्यान केव्हातरी दुपारची झोप सोडेल, तेव्हा हाच शांत वेळ कामी येईल.

बेरीज केलीत तर एकत्र वेळ धरून मोठ्याच्या वाट्याला तुमचा पाऊण तास आणि त्याच्या स्वतःच्या कामाची दहाएक मिनिटं येतात. मधल्याच्या वाट्याला पस्तीसेक मिनिटं. एवढंच पुरतं का? या वयात पुरतं. मोठ्या वर्गातला बराच वेळ हजेरी, वाटप आणि वाट पाहण्यात जातो. तो इथे लागत नाही.

धाकटी पावणेदोन वर्षांची. भावंडांच्या वह्या फाडते, पेन्सिली पळवते, सगळं तोंडात घालते. तिला दुसऱ्या खोलीत ठेवावं का?

एकटीला नाही. तिचं काम त्याच खोलीत मांडा. झाकणाचे पाच खोके करा, आठवड्याच्या पाच दिवसांना पाच. एकात वेगवेगळ्या मापांचे डबे आणि त्यांची झाकणं, दुसऱ्यात रंगीत कापडाचे तुकडे आणि ते कोंबायला मोठ्या भोकाचा डबा, तिसऱ्यात जाड पुठ्ठ्याची पुस्तकं, असं. खोका अभ्यासाच्या वेळीच उघडायचा आणि अभ्यास संपला की बंद करून वर ठेवायचा. दिवसभर उघडा राहिला तर तिसऱ्या दिवशी त्याची किंमत शून्य. एक खोका १० ते १५ मिनिटं टिकतो. त्यापुढची अपेक्षा ठेवू नका.

तोंडात घालण्याचा प्रश्न मात्र नीट घ्या, कारण मोठ्यांचं गणिताचं साहित्य नेमकं घशात अडकण्याच्या मापाचं असतं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी जी चाचणी-नळी वापरतात, तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू धोकादायक. स्वच्छतागृहातल्या कागदी रोलची आतली पुठ्ठ्याची नळी याहून थोडी रुंद असते, म्हणून घरच्या चाचणीला ती चांगली. तिच्यातून जे पार जातं ते धाकटीच्या हाताच्या पल्ल्यात नको. खडे, बटणं, मणी मोजायचे तर उंच टेबलावर आणि मोजून: २० बाहेर काढले तर २० परत आत. मोठ्यांचा तोही मोजण्याचा सराव.

दोन गोष्टी मुलांच्या हाती लागायलाच नकोत. गोल चपट्या बॅटऱ्या अन्ननलिकेत अडकल्या तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. ज्या खेळण्यात अशी बॅटरी आहे तिचं झाकण स्क्रूनं बंद होणारं हवं. आणि छोटे शक्तिशाली लोहचुंबक: एकापेक्षा जास्त गिळले गेले तर ते आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात. यांपैकी काही गिळल्याची नुसती शंका आली तरी घरी वाट न पाहता थेट रुग्णालयात जा. पाण्याचे खेळ मुलांना फार आवडतात, पण टबात चार बोटं पाणी असलं तरी तुम्ही समोरून उठायचं नाही. म्हणून ते शिकवण्याच्या वेळेत बसत नाहीत.

पाच वर्षांच्या मुलाला सगळी मुळाक्षरं येतात, पण ‘कमळ’ वाचता येत नाही. रोज अर्धा तास बसवते, शेवटी दोघंही रडकुंडीला येतो.

आधी अर्ध्या तासाची १० मिनिटं करा. रोज थोडं आणि नेमानं केलेलं टिकतं. आठवड्यातून दोनदा तास-तास केलेलं मधल्या दिवसांत विसरलं जातं.

तुमचा मुलगा कसं वाचतो ते कान देऊन ऐका. बहुतेक तो मनात ‘क कमळाचा, म मगरीचा’ असं म्हणत असेल. तिसऱ्या अक्षराला पोहोचेपर्यंत पहिलं निसटलेलं असतं. तेव्हा तीन-चार दिवस अक्षरं बाजूला ठेवून तोंडी खेळ घ्या. तुम्ही ‘म… गर’ असं तोडून म्हणा, त्यानं जोडून सांगायचं. मग ‘म… ग… र’. हे जमल्याशिवाय कागद काढू नका.

नंतर पाचच अक्षरांची कार्डं घ्या: क, म, ग, र, त. एवढ्यांतून मग, तर, कर, मत, मगर, गरम, कमर, करत इतके शब्द होतात. बोट अक्षरांखालून न थांबता सरकवायचं आणि आवाजही न तोडता पुढे न्यायचा. ‘त… र’ असं सुटं म्हणून तो थांबला तर ‘भरभर म्हण’ एवढं सांगा. शेवटचा ‘र’ आपण बोलताना अर्धवट उच्चारतो, हे त्याच्या कानाला आधीच ठाऊक असतं. पाय मोडण्याचं चिन्ह दाखवून त्याला गोंधळात टाकू नका.

दोन-तीन आठवड्यांनी काना: काका, मामा, तारा, गार. मग दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा. ऱ्हस्व वेलांटी मुद्दाम मागे ठेवा, कारण ती लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर. डावीकडून बोट फिरवणारं मूल ‘दिवा’ला ‘इदवा’ म्हणतं आणि त्याच्या परीनं ते बरोबरच असतं. अक्षराचं कार्ड आधी ठेवायचं, ‘द’ म्हणायचं, मग वेलांटी डावीकडून सरकवून आणायची आणि ‘दि’ म्हणायचं. थोड्या दिवसांत घोळ संपतो. रफाराचं तसंच: आवाज आधी, चिन्ह पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. त्याला आणि जोडाक्षरांना सगळ्या मात्रा सरसर वाचता येईपर्यंत हात लावायला नको.

घ-ध, भ-म, ब-व, थ-य या जोड्या एकाच आठवड्यात आणू नका. एक पक्कं झालं की मगच त्याचं जुळं. आणि पहिलं अक्षर पाहून बाकीचा शब्द अंदाजानं ठोकायला लागला की समजा, पाठ त्याच्यासाठी फार पुढे गेला आहे. मागच्या आठवड्याची कार्डं काढा. रागवायचं कारण नाही.

सात आणि पाच वर्षांच्या मुलांना एकत्र शिकवता येईल का?

गोष्ट, कविता, निसर्ग, चित्रकला, परिसर, प्रयोग हे सगळं एकत्र. विषय एकच, हातातलं काम वेगळं: बी उगवताना पाहून धाकटा चित्र काढेल, मोठा उंची मोजून दोन ओळी लिहील. वाचन शिकणं आणि गणित मात्र वेगवेगळं, कारण तिथे पुढची पायरी मागचीवर उभी असते. एकत्र घेतलं तर मोठा उत्तरं फोडतो आणि धाकटा बोलायचंच सोडून देतो.

मी धाकट्याजवळ बसले की मोठी दर दोन मिनिटांनी ‘हे मला येत नाही’ म्हणून येते.

तिला दिलेलं काम बहुधा स्वतःचं स्वतः करण्याजोगं नसेल. एकटीनं करायच्या कामात दहापैकी नऊ गोष्टी तिला आधीपासून येत असायला हव्यात: आठवडाभरापूर्वी शिकलेली बेरीज, वाचून झालेल्या पुस्तकाचं पुन्हा वाचन, पाहून लेखन. नवीन प्रकारचं पान देऊन ‘करून बघ’ म्हटलं, तर ती येणारच.

काम सुरू होण्यापूर्वी सूचना तिच्याच तोंडून वदवून घ्या, पहिलं उदाहरण तुमच्यासमोर होऊ द्या आणि पेन्सिली दोन टोकदार द्या. अडलं तर त्या जागी चिमटा लावून पुढचं करायचं. तुम्ही १० मिनिटांनी चिमट्यापाशी येता. पण याल म्हणाल तर खरंच या. दोनदा चुकवलंत तर चिमट्यावरचा तिचा विश्वास उडतो.

सात वर्षांचा मुलगा पंचवीसच्या जागी ५२ लिहितो. डोळे तपासावेत का?

फक्त दोन अंकी संख्याच उलट लिहीत असेल तर कारण बहुधा कानात आहे. मराठीत एककं आधी बोलली जातात. ‘पंच-वीस’ ऐकून तो आधी ५ लिहितो. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबरबँडनं बांधा. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या मांडून ‘दोन दशक, पाच सुटे, पंचवीस’ असं रोज पाच संख्यांना म्हणा. मग २० असं लिहिलेली लांब पट्टी घेऊन तिच्या शून्यावर ५ चं छोटं कार्ड ठेवा. लिहिताना डावीकडून गठ्ठेच आधी.

एकोणतीसला ३९ लिहिणं ही वेगळी चूक आहे. तिथे ‘तीस’ ऐकू येतं. १९, २९, ३९ पासून ७९ पर्यंतच्या संख्या एकत्र घेऊन ‘तीसला एक कमी’ असं काड्यांनी दाखवा. ८९ एकोणनव्वदही त्यातच. ९९ मात्र नव्याण्णव, ते पाठच करायचं. वाचताना अक्षरंही उलटसुलट होत असतील, फळ्यावरचं दिसत नसेल किंवा पुस्तक डोळ्यांजवळ धरत असेल, तर तपासणी जरूर करा.

कोणी आजारी पडलं, पाहुणे आले, की सगळा दिवस वाया जातो. भरून कसा काढायचा?

भरून काढू नका. दुसऱ्या दिवशी दुप्पट अभ्यास दिला की तोही बिघडतो. अशा दिवसांसाठी छोटा दिवस आधीच ठरवून ठेवा: १५ मिनिटं मोठ्यानं वाचून दाखवणं, मोठ्याला ५ येणारी उदाहरणं, मधल्याला ५ शब्दकार्डं आणि बाहेर जाणं. ताप असलेल्या मुलाला फक्त गोष्ट.

हे आजारपणाशिवाय आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा करावं लागलं, तर रात्रीची झोप पाहा. १ ते २ वर्षांच्या मुलांना दिवसा-रात्री मिळून ११ ते १४ तास, ३ ते ५ वर्षांच्यांना १० ते १३ आणि ६ ते १२ वर्षांच्यांना ९ ते १२ तास झोप लागते. रात्री ११ ला झोपून सकाळी ७ ला उठणारं पाच वर्षांचं मूल ‘हट्टी’ दिसतं, ते बहुतेक वेळा नुसतं झोपाळलेलं असतं. झोपायची वेळ एकदम दोन तास अलीकडे ओढता येत नाही. दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा आणि उठायची वेळ मात्र रोज तीच ठेवा, सुट्टीच्या दिवशीही.

नोंदीला एक वही पुरे. रात्री प्रत्येक मुलासाठी एक ओळ: काय केलं, कुठे अडलं. उद्याचं पहिलं काम त्या ‘कुठे अडलं’मधून घ्यायचं.