भात सोडला तरी पोट का सुटतंय?

प्रश्न : वय ४८, फोंड्याला राहते, शाळेत शिकवते. पाळी अनियमित झाली तेव्हापासून पोट सुटत चाललंय, वजन ६८ किलो. भात पूर्ण सोडला, रात्री जेवत नाही, रोज संध्याकाळी चालते. सुरुवातीला तीन किलो उतरले, आता काटा हलतच नाही आणि जिना चढताना पाय भरून येतात. आता अजून काय सोडू?

उत्तर : ताई, काही सोडू नका, उलट नीट जेवायला लागा. पाय भरून येतात हे तुम्ही शेवटी लिहिलंत पण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात, त्यात पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन उतरलं की आधी मांड्यांवर बसणारी चरबी पोटावर बसायला लागते, आणि नेमकं अशा वेळी उपाशी राहिलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. तुमच्या तीन किलोंत स्नायू किती गेला हे काटा सांगणार नाही. म्हणून टेप घ्या, महिन्यातून एकदा कंबर मोजा. आपल्याकडे बायकांसाठी ८० सेंटिमीटरची मर्यादा धरतात, ती कंबर उतरतेय का एवढं बघा.

आता ताट. आपल्याकडे शिताचा म्हणजे भाताचा ढीग आणि नुस्त्याचा म्हणजे माशाचा एक तुकडा असतो, ते उलटं करा. उकड्या तांदळाचं शीत एक वाटी खुशाल घ्या, दोन्ही वेळा जेवा, पण प्रत्येक जेवणात प्रोटीन हवंच. तुमच्या वजनाला दिवसाला साधारण ७० ग्रॅम धरा (किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा). शंभर ग्रॅम बांगड्यात २० ग्रॅमच्या आसपास मिळतं, एका अंड्यात ६. पण बांगडा रोज रवा लावून तेलात तळलात तर जमणार नाही, एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि रवा तेल भरपूर पितो. तव्यावर थोड्या तेलात भाजा किंवा हुमण (खोबऱ्याची माशाची आमटी) करा, फक्त खोबरं हात राखून घाला. जून-जुलैत मासेमारी बंद असते, मग लगेच श्रावण, आणि बऱ्याच घरांत या दिवसांत ताटातलं प्रोटीन गुपचूप निम्मं होतं, हे कोणाच्या लक्षातच येत नाही. तेव्हा अळसांदे (मोठी चवळी), मूगागाठी (मोड आलेल्या मुगाची उसळ), कुळीथ, दही, पनीर जरा जास्तच हवं, नुसत्या सोलकढी-भातावर भागवू नका.

चालणं चालू ठेवा, आठवड्याला १५० मिनिटं झाली की छान. पण चालण्याने हातापायांत ताकद भरत नाही, त्यासाठी आठवड्यातून दोन दिवस तरी वजनाचा व्यायाम हवाच. जिमची लाज वाटत असेल तर घरीच करा, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला टेकून पुश-अप, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. सोपं वाटायला लागलं की वजन वाढवा, नाहीतर शरीर तिथेच थांबतं. आणि थकवा आहे म्हणताय तर हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि शुगर या महिन्यातच तपासून घ्या, पाळीत जास्त जात असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, आपण बायका हे सांगायचं टाळतो.

प्रश्न : वय ५३, म्हापशात दुकान आहे. रोज सकाळी क्रंचेस मारतो तरी पोट तसंच. संध्याकाळी एक मोठी बिअर होते, ती पण सोडायची का?

उत्तर : क्रंचेसनी आतला स्नायू घट्ट होतो, त्याच्यावरची चरबी तेवढ्याच जागेवरून वितळत नाही, ती सगळ्या अंगातून हळूहळू उतरते. अल्कोहोलच्या एका ग्रॅमला ७ कॅलरी, म्हणजे तुमची मोठी बाटली अडीचशेच्या आसपास जाते, वर चकण्याला तळलेलं असणारच. रोजची आहे ती आधी शनिवारपुरती ठेवा, जमलं तर पूर्णच सोडा. दुकानात दिवसभर बसून असता, तेव्हा दर तासाला उठा, आणि वजनं उचलायला सुरुवात करण्याआधी बीपी बघून घ्या. रात्री घोरता का आणि झोपेत श्वास अडकतो का हे मात्र घरी विचारा, उत्तर हो आलं तर पोटाच्या आधी त्यासाठी डॉक्टरांकडे जा.