खोटे आकडे लिहिणाऱ्या लेकीच्या आईला

पत्र: ताई, माझी मुलगी पंधरा वर्षांची, दहावीत आहे. नऊ वर्षांची असताना तिला टाइप 1 डायबेटीस झाला. रोज चार इंजेक्शनं लागतात. परवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) 10.1 आली, डायरीत मात्र रोज 130, 142, 118! मीटरची मेमरी बघितली तर आठ-आठ दिवस दिवसा एकदाही तपासणी नाही, फक्त माझी रात्रीची. शाळेत दुपारचं इन्सुलिनही घेत नव्हती. मी खूप बोलले, तर म्हणाली, "खरं लिहिलं की तू रडतेस." आता तिला ढोल पथकात जायचंय. सासूबाई म्हणतात, इन्सुलिनची सवय लागते, त्यापेक्षा चूर्ण द्या. नातेवाइकांना आम्ही काही सांगितलेलं नाही, उद्या लग्नाचं बघायचंय. समारंभात इंजेक्शन बाथरूममध्ये जाऊन घे, असं मीच तिला सांगते. सहा वर्षं रोज रात्री दोनला उठून तिची साखर बघतेय. तिला खरं बोलायला कसं शिकवू? – एक आई, सिंहगड रस्ता

ताई,

माझ्या धाकट्या भावाला 1983 साली, अकराव्या वर्षी हाच डायबेटीस झाला. तेव्हा आमच्याकडे मीटर नव्हता. काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची आणि साखर लघवीत बघायची. परीक्षानळीत निळं बेनेडिक्ट द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि नळी ज्योतीवर धरायची. निळं राहिलं तर छान. हिरवं, पिवळं, नारिंगी होत होत विटकरी झालं की बाबांचा चेहरा उतरायचा आणि त्या रात्री ताटावर कुणी बोलायचं नाही. काही महिन्यांनी नळी रोज हिरवीच दिसू लागली. आम्हाला केवढा आनंद! भाऊ नमुन्यात नळाचं पाणी मिसळत होता. त्याला फक्त बाबांचा तो चेहरा बघायचा नव्हता.

तुमच्या लेकीनं तुम्हाला कारण सांगूनच टाकलंय. तिला खोटं बोलायची हौस नाही, तुमचं रडणं तिला सोसत नाही. आणि जरा लागेल असं बोलते, राग मानू नका: लपवायचं ती घरातच शिकली. आत्यासमोर नको, लग्नात नको, इन्सुलिनचं पेन पर्सच्या तळाशी ठेव. सहा वर्षं जगापासून लपवलं, आता तुमच्यापासून लपवतेय. शाळेत ती दुपारचा डोस कुठे घेणार होती? मुलींच्या स्वच्छतागृहात, कडी धरून?

म्हणून सुरुवात आकड्यापासून करा. मीटरवर 312 आला की आपल्या तोंडून आपसूक निघतं, "काय खाल्लंस?" हा प्रश्न महिनाभर बंद. त्याऐवजी, "बरं, आता काय करूया?" एवढंच. हे काही तिचे लाड नाहीत. या वयात वाढीची संप्रेरकं इन्सुलिनच्या कामात आडवी येतात. गेल्या वर्षीचाच डोस, त्याच दोन पोळ्या, तरी साखर 250. त्यात तिचा काडीचाही दोष नसतो, डोस वाढवायची वेळ आलेली असते. पोटावर एकाच जागी टोचून गाठी झाल्या असतील तर तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, बोटांनी चाचपून बघा. पेन क्लासच्या वेळात स्कूटीच्या डिकीत राहतं का? एप्रिलच्या उन्हात ते इन्सुलिन खराब होतं. यातलं काहीही असू शकतं, पण आकडा खरा असेल तरच कळेल. 10.1 म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी 240च्या पुढे. डॉक्टर मात्र डोस ठरवताना डायरीतले 130 बघत होते. हे त्यांना सांगा. तिला आधी विचारून, तिच्यासमोर, आणि तक्रारीच्या सुरात नको.

शाळेत वर्गशिक्षिकांना भेटा. दुपारच्या डोससाठी स्टाफरूमचा कोपरा मागा. सीबीएसईनं 2017 साली डायबेटीस असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत खायचं जवळ ठेवायची परवानगी दिली. तुमचं बोर्ड कुठलंही असो, डॉक्टरांचं पत्र जोडून शाळेमार्फत आत्ताच अर्ज करा. फेब्रुवारीत धावपळ नको.

आता सासूबाई. इथे मी अजिबात मागेपुढे बघणार नाही. या आजारात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाल्ल्यानं हे होत नाही आणि कारल्यानं त्या पेशी परत येत नाहीत. जेवणाची आपल्याला सवय लागते, असं कुणी म्हणतं का? तसंच इन्सुलिनचं. जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत ते पहिल्यांदा ज्याला दिलं, तो लिओनार्ड थॉम्पसन चौदा वर्षांचा होता, वजन जेमतेम 29 किलो. त्याच्याआधीची अशी मुलं उपासमार झाल्यासारखी वाळून जायची. तो पुढे तेरा वर्षं जगला. सासूबाईंना हे शांतपणे सांगा. त्यांना नातीची काळजीच आहे. कारल्याची भाजी खुशाल करू दे, पण इन्सुलिनच्या जागी काहीही नाही. ताप आला, जेवण गेलं नाही, तरी ते पूर्ण बंद करायचं नसतं. साखर चढलेली असताना उलट्या, पोटदुखी, धाप, तोंडाला फळासारखा वास, यातलं काही दिसलं तर कीटोन्सची (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साठणारी आम्लं) पट्टी बघत बसण्यापेक्षा थेट हॉस्पिटल गाठा.

पथकात मात्र तिला जाऊ द्या. मनापासून जाऊ द्या. ढोल कमरेला बांधून दोन तास वाजवणं हा दणकून व्यायाम आहे आणि त्यानं साखर उतरते, सरावाच्या वेळीही आणि नंतर रात्री झोपेतही. म्हणून डॉक्टरांकडून त्या दिवसांचे डोस ठरवून घ्या. सरावाआधी तपासायचं: 120 ते 180च्या आसपास बरं, 90च्या खाली असेल तर आधी काहीतरी खायचं, 250च्या वर आणि कीटोन्स असतील तर त्या दिवशी ढोल नाही. ज्या दंडानं टिपरू मारायचं त्यात आधीचं इंजेक्शन नको, तिथून ते भराभर शोषलं जातं.

आणि पथकप्रमुखांना, शेजारी वाजवणाऱ्या दोन मैत्रिणींना माहीत असायलाच हवं. हात थरथरले, दरदरून घाम फुटला, ती उगाच चिडली किंवा असंबद्ध बोलू लागली तर थांबवून तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्यायचं. पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, 70च्या खालीच असेल तर परत तेवढंच. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-दुधामुळे साखर चढायला उशीर लागतो. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ हॉस्पिटल. नदीपात्रात तिन्हीसांजेला पन्नास ढोल एकदम वाजत असतात, तिथे गपचूप चक्कर आलेली मुलगी कुणाच्या लक्षात येणार?

लग्नाचं म्हणाल तर, माझ्या भावानं मुलगी बघायला गेल्यावर चहा यायच्या आत सांगितलं होतं. दोन ठिकाणी नकार आला. तिसरीनं विचारलं, "मग चहा बिनसाखरेचा सांगू का?" आज तो पन्नाशी ओलांडलेला आहे, अजून रोज चार वेळा टोचून घेतो, आता जेवणाच्या टेबलावरच. मी मुलीच्या आईला हे सांगतेय हे मला कळतं, मुलींना नकार जास्त येतात. पण लपवून झालेल्या लग्नात ती कुठल्या बाथरूमची कडी धरून इन्सुलिन घेईल, याचा विचार करा.

राहिलं तुमचं. सहा वर्षं रोज रात्री दोनला! पत्रात मुलीच्या बाबांचा एका शब्दानंही उल्लेख नाही. त्यांना बोटात सुई टोचायला भीती वाटत असेल, तर आधी स्वतःच्या बोटावर मीटर वापरायला लावा, लेकच शिकवेल. सराव असेल त्या रात्री तपासणी चुकवायची नाही, पण दोनचा गजर आजपासून एक दिवसाआड त्यांच्या उशाशी.

– तुमची ताई