गळाला कोळंबी नाही, तरी मासा लागतो: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ऑस्ट्रेलियात लुअरने, म्हणजे खरं आमिष न लावता प्लास्टिकचा किंवा धातूचा खोटा मासा ओढून, ब्रीम, बास आणि ट्राउट कसे पकडतात त्यावर लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली, बहुतेक सिडनी आणि कॅनबेरामधून. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पण ज्या प्रश्नांवर अनेकांचं अडलंय ते घेतोय.

प्रश्न: दादा, मी वेंटवर्थव्हिलला राहतो, मूळचा मालवणचा. लहानपणापासून गरीला कोळंबी लावून मासे काढलेत. इथे तुमचं वाचून रॉड घेतला, सॉफ्ट प्लास्टिक (मऊ प्लास्टिकची खोटी मासोळी) घेतली, सहा वेळा पॅरामाटा नदीवर गेलो आणि एकही ब्रीम नाही. शेजारचा माणूस कोळंबी लावून काढतोय. लुअरला ब्रीम खरंच लागतो का?

लागतो, आणि चांगला लागतो. तुम्ही लिहिलंय की टाकतो आणि सावकाश गुंडाळत आणतो, तर अडचण तिथेच आहे. कोळंबीला वास असतो, ती पाण्यात नुसती पडून राहिली तरी मासा शोधत येतो. प्लास्टिकचं तसं नाही, त्याला हालचालीवर आणि थांबण्यावर विकावं लागतं, आणि ब्रीम हा फार संशयी मासा आहे, लुअरच्या मागे मागे येतो, बघतो, आणि लुअर सतत पळत राहिला तर शेवटी वळून जातो. लुअर थांबून खाली बुडायला लागला की मग तो तोंड घालतो. मला मिळालेल्या दहातले आठ ब्रीम तरी लुअर बुडताना किंवा तळाशी पडून असतानाच लागलेत.

तर असं करा. अडीच इंची प्लास्टिक आणि 1/16 औंसाचं जिग हेड (डोक्याला वजन असलेला हुक), पाणी तीन मीटरच्या वर खोल असेल किंवा ओढ जास्त असेल तर 1/8. लाइन 6 पौंडाची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, आणि पुढे एक रॉडभर लांबीचा 6 किंवा 8 पौंडाचा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे लुअरच्या आधीचा पारदर्शक दोरीचा तुकडा. पॉन्टूनच्या (तरंगत्या धक्क्याच्या) सावलीला, बांधून ठेवलेल्या बोटीच्या पोटाजवळ, पुलाच्या खांबाला अगदी चिकटून टाका, दोन मीटर लांब पडलं तर तो कास्ट (फेक) वाया गेला असंच समजा. मग हँडल फिरवू नका. बेल, म्हणजे रीलवरची लाइन अडवणारी तारेची कडी, उघडी ठेवून लाइन सैल सोडा आणि डोळे फक्त लाइन पाण्यात शिरते त्या जागेवर ठेवा. लाइन मध्येच थांबली, टिचकी मारल्यासारखी हलली किंवा आडवी सरकायला लागली तर तो ब्रीम. काहीच झालं नाही तर तळ लागल्यावर पाच मोजा, रॉडचं टोक दोनदा हलकं उचला, पुन्हा बुडू द्या, पुन्हा पाच मोजा. माझ्या ओळखीतले काही जण दहापर्यंत मोजतात आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त मिळतात.

आणखी एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही आणि ज्यात माझा पूर्ण एक उन्हाळा गेला. प्लास्टिक हुकावर ओवताना ते अगदी सरळ बसलं पाहिजे. हुकाचं टोक थोडं बाजूला निघालं की प्लास्टिकला बाक येतो, आणि बाकदार प्लास्टिक बुडताना भोवऱ्यासारखं गोल फिरतं. खरा मासा असा कधी बुडत नाही. प्रत्येक वेळी टाकायच्या आधी पायाशी पाण्यात सोडून बघा, सरळ खाली जातंय ना. जात नसेल तर काढून पुन्हा ओवा, आळस करू नका.

मासा लागला की जोरात हिसका देऊ नका, नुसता रॉड उचला आणि गुंडाळत राहा. ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना लाइन किती सुटेल ते ठरवणारा रीलचा ब्रेक, मात्र व्यवस्थित लावलेला हवा कारण ब्रीम लागल्या क्षणी कालवं लागलेल्या खांबाकडे पळतो आणि कालवांची धार तर तुम्हाला मालवणची माहितीच आहे, लीडर एका घासात जातो. चार-पाच मासे झाले की लीडरवरून बोट फिरवून बघा, खरखरीत लागला तर तेवढा तुकडा कापून टाका.

वेळेचं म्हणाल तर पहाट, आणि भरती-ओहोटी बघून जा. कांदळवनाच्या नाल्यांजवळ ओहोटीचे शेवटचे दोन तास मला सगळ्यात आवडतात, नाल्यातली बारीक कोळंबी आणि मासोळी पाण्याबरोबर बाहेर येते आणि ब्रीम तोंडावर उभा असतो. हिवाळ्यात यलोफिन ब्रीम अंडी घालायला नदीच्या मुखाकडे जातो, तेव्हा खोल पाण्यात ब्लेड लुअर, म्हणजे धातूच्या चपट्या पात्याचं लुअर, तळाला उडवत आणली तर मोठे मासे मिळतात.

प्रश्न: त्याच नदीतला ब्रीम घरी आणून खाल्ला तर चालतो का? आमच्याकडे दोन मतं आहेत.

याला दोन मतं नकोत. सिडनी हार्बर ब्रिजच्या पश्चिमेला, म्हणजे पॅरामाटा नदीचा सगळा भाग त्यात आला, पकडलेला मासा किंवा खेकडा-कोळंबी काहीही खाऊ नका असा न्यू साउथ वेल्स सरकारचा स्पष्ट सल्ला आहे. होमबुश बे भागात पूर्वी रसायनांचे कारखाने होते, त्यांच्यामुळे तळाच्या गाळात डायऑक्सिन नावाचं विषारी रसायन साठलंय आणि ते माशांच्या अंगात उतरतं. याच कारणाने 2006 साली हार्बरमधली धंद्याची मासेमारी बंद केली. पुलाच्या पूर्वेलासुद्धा प्रमाण ठरवून दिलंय, ब्रीम महिन्याला 150 ग्रॅम, म्हणजे एका माणसाचं एक जेवण. शिजवल्याने, तळल्याने, कातडी काढल्याने धोका जातो असं समजू नका. काठावर पाट्या आहेत, पण कित्येक आपली माणसं बादली भरून नेताना मी बघितलीत आणि प्रत्येक वेळी जाऊन सांगितलंय, कारण घरी लहान मुलं असतात. पॅरामाटावर शिका, पकडा, सोडा. खायचा असेल तर हॉक्सबरी नदीला ब्रुकलिनकडे जा. 25 सेंटिमीटरच्या खालचा ब्रीम ठेवता येत नाही आणि माणशी दिवसाला 10 ची मर्यादा आहे. खरं तर दोन घ्या आणि थांबा, कारण 25 सेंटिमीटर व्हायला त्याला चार-पाच वर्षं लागतात.

प्रश्न: मी पेनरिथला राहतो, गाव अलिबागजवळ. इथे नेपियन नदीत बास मिळतो म्हणतात. हा बास म्हणजे आपला जिताडाच का? इंग्रजीत त्यालाही सीबास म्हणतात.

छान प्रश्न आहे, आणि नाही. आपला जिताडा इथे बॅरामंडी नावाने मिळतो, मासा तोच, पण तो उत्तरेच्या गरम पाण्यातला, क्वीन्सलंड आणि नॉर्दर्न टेरिटरीकडचा. दुकानातून आणून तुम्ही कालवण करत असाल तर ते जिताड्याचंच आहे. नेपियनमधला ऑस्ट्रेलियन बास वेगळा, आकाराने बराच लहान, किलोभराचा मिळाला तर माणसं फोटो काढून ठेवतात आणि 50 सेंटिमीटरचा मिळवायला काहींची वर्षानुवर्षं जातात.

एक साम्य मात्र आहे. जिताडा जसा गोड्या पाण्यात वाढून खाडीच्या खाऱ्या पाण्यात वीण घालायला उतरतो, तसाच बास. उन्हाळाभर वर नदीत असतो आणि हिवाळ्यात खाली खाडीत उतरतो. म्हणूनच धरणं त्याच्या मुळावर येतात. शोलहेवन नदीवर 1976 मध्ये टॅलोवा धरण झालं आणि बासचा वर जायचा रस्ताच बंद झाला, शेवटी 2009 मध्ये तिथे माशांना वर उचलणारी लिफ्ट बसवली. पाण्याच्या टाकीत मासे गोळा करून भिंतीवरून पलीकडे नेऊन सोडतात. तेहतीस वर्षं मासे भिंतीखाली अडून होते, हे मला अजूनही बोचतं.

हिवाळ्यातल्या या विणीसाठीच न्यू साउथ वेल्सच्या नद्या आणि खाड्यांमध्ये 1 मे ते 31 ऑगस्ट एकही बास ठेवता येत नाही, चुकून लागला तर लगेच सोडायचा. एरवी माणशी दोन, आणि नदीतला असेल तर त्यातला एकच 35 सेंटिमीटरच्या वरचा. मी स्वतः नदीतला बास कधीच ठेवत नाही. हा मासा वीस वर्षांच्या वर जगतो, वाढतो अगदी सावकाश, आणि वर डोंगराकडे सापडणारे मोठे मासे बहुतेक माद्या असतात.

पकडायची मजा उन्हाळ्यातली. नोव्हेंबर-डिसेंबरात इथे सिकाडा, म्हणजे आपल्या रातकिड्यासारखा पण झाडावर बसून कान किटवणारा किडा, भरपूर होतो आणि पाण्यावर पडतो. संध्याकाळी सूर्य झाडामागे गेला की सिकाडासारखं तरंगणारं लुअर पाण्यावर वाकलेल्या फांदीखाली टाका आणि हात बांधून उभे राहा. पडल्याची वर्तुळं पूर्ण विरेपर्यंत काही करायचं नाही. मग एकदा हलकं थरथरवा, पुन्हा थांबा. बास खालून येऊन लुअर गिळतो तेव्हा 'बुफ' असा आवाज होतो, इथले लोकही त्याला तसंच म्हणतात, आणि त्या आवाजाने दचकून सगळे रॉड ओढतात आणि लुअर त्याच्या तोंडातून निघून येतं. आवाज ऐकून नाही, हाताला वजन लागल्यावर उचला.

आणि नेपियनमध्ये अनवाणी उतरू नका. बुलराउट नावाचा मातकट मासा तळाशी दगडासारखा पडून असतो, त्याचे काटे विषारी असतात आणि ठणका असह्य असतो. काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे जा.

प्रश्न: आम्ही कॅनबेराचे. जून महिन्यात जिंडाबाइनला बर्फ बघायला जातोय, तेव्हा ट्राउट करता येईल का?

तलावात येईल. जिंडाबाइन आणि युकम्बीन ही दोन्ही धरणं वर्षभर उघडी असतात. थ्रेडबोसारख्या ट्राउटच्या नद्या मात्र जूनच्या लाँग वीकएंडनंतर बंद होतात आणि ऑक्टोबरच्या लाँग वीकएंडला उघडतात, कारण त्या काळात मासे वीण घालायला वर चढलेले असतात. तेव्हा तुमची तारीख आधी बघा. नदी चालू असेल आणि मासे चढलेले दिसले तरी उथळ रेतीवर जोडीने उभ्या माशांना त्रास देऊ नका आणि त्या रेतीतून चालूही नका, खाली अंडी असतात.

तलावावर बोट लागत नाही. उजाडताना काठाने चालत जायचं, सात ग्रॅमचा स्पून (चमच्यासारखं धातूचं लुअर) किंवा लहान मिनो (मासोळीच्या आकाराचं लुअर) टाकायचा, थोडा बुडू द्यायचा आणि सावकाश आणायचा, मधेच हँडलच्या एक-दोन गिरक्यांइतकं थांबून. एका जागी पाच-सहा कास्ट झाले की पुढे सरका. नदीत उलट बाजूने विचार करा, ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो म्हणून तुम्ही खालच्या बाजूला उभं राहून वर टाका आणि पाण्यापेक्षा किंचित वेगात स्पिनर (गोल फिरणाऱ्या पात्याचं लुअर) आणा.

हा मासा इथला नाही बरं का. 1864 मध्ये ब्राउन ट्राउटची अंडी इंग्लंडहून जहाजात बर्फात ठेवून टास्मानियाला आणली आणि तिथे सॅल्मन पाँड्स नावाच्या जागी त्यांतून पिल्लं बाहेर आली. विषुववृत्त ओलांडून बर्फ टिकवत आणलेली अंडी, मला दर वेळी आश्चर्य वाटतं.

प्रश्न: माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याला हे शिकायचंय. मला यातलं काही माहीत नाही. लायसन्स लागतं का आणि सुरुवात कशी करू?

ताई, मुलाला लागत नाही, न्यू साउथ वेल्समध्ये 18 वर्षांखालच्यांना फी नाही. त्याच्या एकाच रॉडवर तुम्ही त्याला नुसती मदत करत असाल तर तुम्हालाही नाही, पण स्वतःचा वेगळा रॉड घेऊन मासे पकडणार असाल तर तुम्हाला फी भरावी लागेल, तीन दिवसांचे 7 डॉलर, वर्षाचे 35, आणि ती खाऱ्या-गोड्या दोन्ही पाण्याला चालते. पावती फोनवर ठेवा. दुसऱ्या राज्यात गेलात तर नियम वेगळे, क्वीन्सलंडला समुद्रात लायसन्स लागत नाही पण मासे सोडलेल्या काही धरणांना परमिट लागतं, तेव्हा जायच्या आधी त्या त्या राज्याच्या साइटवर बघा.

सामान महाग घेऊ नका. सात फुटी हलका रॉड, 2500 साइझचं रील, पाच-सहा जिग हेड आणि एक पाकीट प्लास्टिक एवढं पुरे. तिहेरी हुकाची लुअर त्याला सध्या देऊच नका. मागच्या वर्षी सोडवताना मासा तडफडला आणि तिहेरी हुकाचं दुसरं टोक माझ्या अंगठ्यात गेलं, इमर्जन्सीत चार तास बसलो. एकेरी हुक, त्याची काटेरी अणी पक्कडीने दाबून सपाट केलेली, आणि दोघांच्याही डोळ्यांवर चश्मा, तुमच्यासुद्धा, कारण कास्ट करताना मागे कोण उभं आहे हे मुलं बघत नाहीत. एखाद्या जेटीवर टाकत असाल तर त्याला लाइफ जॅकेट घाला.

पहिला मासा लागला की तो आनंदाने ओरडेल आणि मासा कोरड्या लाकडावर ठेवेल. त्याच्या आधीच सांगून ठेवा की हात ओले करायचे, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो, आणि तो थरच त्याला रोगापासून वाचवतो. पाण्याजवळच धरायचं, हुक काढायचा, मोजपट्टीही ओली करून ठेवायची. सोडताना फेकायचा नाही, दोन्ही हातात पाण्यात धरून ठेवायचा, तो स्वतः शेपटी मारून निघून जाईपर्यंत. मुलांना हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. पहिल्या माशाचा फोटो आला तर जरूर पाठवा.