8 ओमच्या ट्वीटरला 2.2, 4.7 की 10 मायक्रोफॅरड?

तुम्ही विचारलंय, की घरी बांधलेल्या स्पीकरच्या बॉक्समध्ये 8 ओमच्या ट्वीटरला, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरला, 2.2, 4.7 की 10 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावू, आणि नागपूरच्या बर्डीवरचा दुकानदार म्हणतो कोणताही चालतो. नाही चालत हो. 8 ओमला 10 चा तर लावूच नका.

कंडेन्सर खालचे, जाड सूर ट्वीटरपासून अडवतो; किती वरून अडवायचे ते त्याच्या मायक्रोफॅरडवर ठरतं. हिशेब सोपा आहे. 1,59,155 ला आधी ओमने, मग मायक्रोफॅरडने भागा. येईल तितक्या हर्ट्झपासून ट्वीटर कामाला लागतो. 8 ओमवर 10 ला येतात 2000, 4.7 ला 4200, आणि 2.2 ला थेट 9000. एकटा कंडेन्सर त्याखालचे सूर अचानक कापत नाही, सप्तकामागे फक्त 6 डेसिबल उतरवतो. म्हणून 10 चा लावलात तर खालचा बराच जोर ट्वीटरवर येतो आणि आवाज चढवला की कॉइल जळते. 2.2 ला ट्वीटर वाचेल, पण वूफर, म्हणजे जाड आवाजाचा मोठा स्पीकर, संपतो तिथून वर खड्डा पडेल, गाणाऱ्याच्या आवाजाची धार जाईल. मी 4.7 घेईन.

मात्र आधी ट्वीटरला ओमवर ठेवलेला मल्टिमीटर लावा. 6 च्या आसपास दाखवला तर तो 8 ओमचा. तीन-साडेतीन दाखवला तर 4 चा, मग मात्र 10 चाच बरोबर.

एका बाजूला वजाचा पट्टा असलेला साधा इलेक्ट्रोलिटिक घेऊ नका. नॉन-पोलर, म्हणजे प्लस-मायनस नसलेला हवा, शक्यतो पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा. माझा बॉक्स टिनाच्या छताखाली होता. चार-पाच उन्हाळ्यांत ट्वीटर इतका मंद झाला, की तो गेला असंच वाटलं. कंडेन्सर काढून मोजला: वर छापलेले 4.7, मीटरवर 3.1. तो नॉन-पोलरच होता, पण इलेक्ट्रोलिटिक. आपल्याकडच्या 45 अंशांत ते आतून वाळतात. फिल्मचे वाळत नाहीत.

फिल्मचा महाग सांगितला तर कूलरच्या मोटरचा 4 मायक्रोफॅरडचा नवा कंडेन्सर आणा. 440 व्होल्टचा, तोही पॉलिप्रॉपिलीनच. 8 ओमवर 5000 हर्ट्झ देतो, माझ्याकडे आज तोच आहे. जुन्या कूलरमधला काढू नका, त्यांचे मायक्रोफॅरड उतरलेले असतात.

ट्वीटरच्या प्लसच्या वायरमध्ये सिरीजला जोडा आणि बॉक्सच्या भिंतीला घट्ट आवळा, नाहीतर वूफरच्या धक्क्याने तो खडखडतो.