गच्ची राहू द्या, कुंपण बघा

प्रश्न : शाळेत मुलांकडून भाजी लावून घ्यायची आहे. पण गच्ची गळेल म्हणून मुख्याध्यापक तयार नाहीत. शिवाय मे महिन्यात पाणी कोण घालणार?
– एक शिक्षिका, घणसोली

उत्तर : ताई, मुख्याध्यापकांचं बरोबर आहे. ओल्या मातीचं ओझं गच्चीवर कशाला? कुंपणालगत ऊन येणारी पट्टी शोधा. तिथे फरशी असेल तर फळवाल्यांकडचे जुने क्रेट आणा, आत गोणपाट अंथरा आणि माती, शेणखत, नारळाचा भुसा भरा.

जूनमध्ये मेथीच्या नादाला लागू नका, आपल्याकडच्या धारांखाली ती कुजते. तेव्हा भेंडी लावा, जाळीवर घोसाळी आणि पडवळ चढवा. मेथी, मुळा दिवाळीच्या सुट्टीनंतर. मेथी महिन्याभरात हाती येते, मुलांचा धीर सुटायच्या आत. पेरणी मुलांनीच करायची, ओळी वाकड्या आल्या तरी. (सरळ ओळींची शाळेची बाग दिसली की मला माळ्याचा हात दिसतो!)

मे महिन्याचं सोपं आहे : एप्रिलमध्ये काढणी उरका, माती पाचोळ्याखाली झाकून ठेवा. एका कोपऱ्यात शेवगा लावा, रुजला की त्याला फार पाणी लागत नाही.

भाजी पोषण आहाराच्या आमटीत जाऊ दे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये शालेय पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्यांची प्रत मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा. पावसाळ्यात बाजारातून टाकळा, कुर्डू या रानभाज्यांच्या जुड्याही वर्गात आणा. रस्त्याकडेचा टाकळा मात्र मुलांना खुडू देऊ नका.